मनगटावरचा पट्टा आणि मनाचे चढउतार

कोंढ्याच्या विहारात महिला मंडळाची बैठक संपली होती. आम्ही चटया गुंडाळत होतो, तेवढ्यात एका माऊलीने मुलाचा मोबाईल आमच्यापुढे धरला. पडद्यावर हिरवे चक्र पूर्ण भरलेले, खाली २२,००० च्या वर पावले आणि इंग्रजीत शाबासकी. "सिस्टर, पोरगा सुधरला जी माझा. चार महिने खाटेवरून उठत नव्हता. आता पहाटे तीनलेच उठते, गोठा झाडते, आंगण सारवते, दिवसातून दोनदा पवनीले जाऊन येते." मुलाच्या मनगटावर काळा पट्टा होता. नागपूरला कामाला असलेल्या मोठ्या भावाने तो पाठवला होता, चालशील तर बरा होशील म्हणून.

आम्हीही मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि शाबासकी दिली.

नऊ दिवसांनी त्याच मुलाला चौघांनी धरून भंडाऱ्याला न्यावे लागले. मधल्या दिवसांत दुभती म्हैस अर्ध्या किमतीत विकली गेली, गावातल्या निम्म्या लोकांशी भांडण झाले. बाकीचे इथे लिहीत नाही, ते त्याचे आहे. भंडाऱ्याला डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "झोप किती होती?" कोणालाच सांगता येईना. मग भावाने त्याच मोबाईलमध्ये झोपेचे पान उघडले. सात तास, साडेपाच, चार, तीन, अडीच. उतरत गेलेला जिना समोर दिसत होता. आम्ही सगळे पावले मोजत बसलो आणि ते पान कोणी उघडलेच नाही. एवढी वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर आमच्याकडून हे व्हावे, याची खंत आजही आहे. हा लेख त्या खंतीतून लिहिला आहे. मुलाने छापायला स्वतः होकार दिला आहे आणि ओळख पटेल असे तपशील आम्ही बदलले आहेत.

हा आजार कोणता

डॉक्टर याला बायपोलर म्हणतात, मराठीत द्विध्रुवी मनोविकार. यात मन दोन टोकांना जाते. एका टोकाला उदासी असते. दोन आठवडे किंवा जास्त काळ कशातच रस नाही, अंग जड, जगणे नकोसे. दुसऱ्या टोकाला उन्माद असतो. आठवडाभर किंवा अधिक काळ झोप नाही पण थकवाही नाही, बोलणे थांबत नाही, पैसा हातात टिकत नाही, मी काहीही करू शकतो असे वाटते किंवा पराकोटीची चिडचिड होते. उन्मादाचे सौम्य रूपही असते. ते चार दिवसांत ओळखू येऊ शकते, पण घरच्यांना ते बहुतेक वेळा "पोरगा कामाला लागला" असेच वाटते. दोन टोकांच्या मध्ये माणूस महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे अगदी नीट असतो, कमावतो, संसार करतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर हजारी साधारण पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार झाल्याचे आढळले, आणि त्यांतील जवळपास ७० टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. आपल्या वस्त्यांत हा माणूस वेगवेगळ्या नावांनी फिरतो. उदासीत तो आळशी, उन्मादात तो मस्तवाल किंवा दारुडा. कोणी "बाहेरचे आहे" म्हणतो. देवऋषी आपण सोडला, पण आजाराला नाव ठेवायची खोड गेलेली नाही. "आळशी" हा शब्द तर आपल्या आजा-पणजांना मालगुजाराच्या बांधीत मरमर राबल्यावरही ऐकावा लागला आहे. तो आपण आपल्याच लेकराला लावू नये.

या मुलाला आधी एका खासगी दवाखान्यात फक्त उदासीची गोळी मिळाली होती. पूर्वी कधी असा चढ आला होता का, हे कोणी विचारले नाही. बायपोलरच्या माणसाला नुसती उदासीची गोळी दिली तर मन दुसऱ्या टोकाला उसळू शकते. म्हणून डॉक्टरकडे जाताना फक्त आजचे रडणे सांगू नका. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तो आठ रात्री जागला होता, हेही सांगा.

पट्ट्याला काय कळते

पट्ट्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग असतो, त्याला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. हात वर-खाली, मागे-पुढे, डावी-उजवीकडे हलला की त्याला ते सेकंदात अनेकदा समजते. त्यावरून पट्टा पावलांचा अंदाज करतो. बराच वेळ हात स्थिर राहिला की झोप लागली असे धरतो. पाठीमागे हिरवा उजेड चमकतो तो नाडीसाठी. त्वचेखालच्या रक्ताच्या लाटेवरून ठोके मोजले जातात. मनातले पट्ट्याला काही कळत नाही. त्याला कळते ती हालचाल, आणि हालचाल नसणे.

पण या आजारात तेवढेही उपयोगाचे आहे, कारण मन चढायच्या आधी अंग चढते. उन्मादाची सर्वात जास्त दिसणारी आगाऊ खूण म्हणजे झोप कमी होणे, आणि चढत्या माणसाला स्वतःला ती खूण आजार वाटत नाही, बरे झाल्यासारखे वाटते. उदासीची चाहूल लागणे त्याहून अवघड, ती हळूहळू येते. हालचाल कमी होते, उठण्याची वेळ पुढे सरकते, दिवस-रात्रीचा ठसा पुसट होतो.

यावर संशोधन झाले आहे. नॉर्वेतील संशोधकांनी २३ उदासीच्या रुग्णांची आणि ३२ निरोगी लोकांची मनगटावरची नोंद २०१८ मध्ये सर्वांच्या अभ्यासासाठी खुली केली. त्या रुग्णांत बायपोलरचेही होते. अमेरिकेत २४२ जणांचा दोन आठवडे अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये तो छापून आला. त्यात दिसले की आधी हालचाल वाढते आणि त्यामागून मन वर येते. मन वर आले म्हणून नंतर हालचाल वाढली, असे त्यात दिसले नाही. उदास माणसाला हात धरून धुऱ्यापर्यंत नेण्यात अर्थ आहे तो यामुळे. आणि चढू लागलेल्या माणसाला "एवढा जोर आहे तर विहाराची रंगरंगोटी तूच कर" म्हणणे घातक आहे तेही यामुळेच. आपल्या देशात बंगळुरूची निम्हान्स ही संस्था आणि गोव्यात सुरू झालेल्या संगाथ संस्थेचे भोपाळचे केंद्र यांनी अमेरिकेतील बोस्टनच्या डॉक्टरांसोबत असाच अभ्यास केला, पण स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर आणि मोबाईलच्या साहाय्याने. आजार उलटण्याच्या आधीच्या महिन्यात नोंदींतली गडबड वाढलेली दिसली.

आता दुसरी बाजू. डेन्मार्कमध्ये मोनार्का नावाचा प्रयोग झाला. बायपोलरच्या रुग्णांनी रोज मोबाईलवर मनाची नोंद करायची आणि दवाखान्यातून त्यावर लक्ष ठेवायचे. एकूण लक्षणे काही कमी झाली नाहीत. काही जणांत तर उदासी जास्तच दिसली. रोज उठून "आज मी किती खचलो" हे स्वतःला विचारत राहिले की मन तिथेच घुटमळत असावे, असे आम्हाला वाटते. तेव्हा पट्टा बांधला की आजार आटोक्यात आला, असे कोणी विकायला आले तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आपल्या कामात पट्टा कुठे चुकतो

हे पट्टे खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसासाठी बनवलेले आहेत. रोज १०,००० पावले हा आकडाही कोणा डॉक्टरने शोधलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचा मापक असा होता. रोवणीच्या दिवसांत आपली बाई बांधीत दिवसभर वाकून मागे सरकते, तिचे काम पट्ट्याच्या हिशेबात नीट येत नाही. बिडी वळणारी ताई जागची हलत नाही, पण हात चालूच. पट्टा कधी ते मोजतो, कधी सोडून देतो. खड्ड्यांच्या रस्त्याने मोटारसायकलवर गेले की फुकटची पावले पडतात. चिखलपाण्यात स्वस्तातला पट्टा बंद पडतो तो वेगळाच.

झोपेची चूक जास्त घातक आहे. उदास माणूस डोळे उघडे ठेवून भिंतीकडे पाहत पडून राहतो आणि पट्टा म्हणतो नऊ तास झोप. म्हणून उदासीच्या काळात झोपेच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, माणसाला विचारा. उन्मादात मात्र पट्टा सहसा खरा ठरतो, कारण जागा माणूस पडून राहत नाही, तो हलतोच.

मनगटावरून रक्तदाब, ताण, मूड दाखवणारे आकडे येतात तिकडे पाहूही नका. आम्ही फक्त तीन गोष्टी पाहायला सांगतो. झोपला कधी, उठला कधी, आणि दिवसभराची हालचाल त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या दिवसांपेक्षा किती वेगळी. शेजारच्या पोराशी तुलना नको. माणूस बरा असताना महिनाभर पट्टा बांधला की त्याचा नेहमीचा दिवस कळतो. पुढची सगळी तुलना त्याच दिवसाशी. पट्टा रोज एकाच हाताला बांधा. चार्जिंग आंघोळीच्या वेळी करा, रात्री नको. रात्रीची नोंदच तर आपल्याला हवी असते.

हंगामाचा हिशेबही ठेवावा लागतो. जुलै-ऑगस्टच्या रोवणीत आणि कापणी-चुरण्याच्या दिवसांत सगळ्यांचीच धावपळ वाढते, झोप घटते. त्याला आजार म्हणू नये. फरक ओळखायची खूण अशी की कामाने थकलेला माणूस संधी मिळताच झोपतो. चढलेल्या माणसाला चार वेळा अंथरूण घालून द्या, तो उठून बसेल आणि थकलो म्हणणार नाही.

१४ एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात वस्तीत रात्र-रात्र तयारी असते, गाण्यांचे कार्यक्रम पहाटेपर्यंत चालतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचे म्हणजे एक-दोन रात्री जागरण आलेच. या आजारात जागरण हे नुसते लक्षण नाही, ते चढाचे कारणही ठरू शकते. म्हणून त्याला घरी कोंडायचे का? मुळीच नाही. मिरवणुकीत तो निळा झेंडा घेऊन चालावा, पण अकराला घरी येऊन झोपावा, आणि हे मंडळाच्या पोरांना आधी सांगून ठेवावे. आम्ही एका मंडळाला सांगितले तर त्यांनी त्याला दिवसाचे काम दिले, वर्गणीच्या पावत्यांचे. तो खूश, आई खूश.

विपश्यनेबद्दल आम्हाला फार विचारतात. दहा दिवसांचे शिबिर गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी सुचवत नाही, असे गोयंका गुरुजींच्या परंपरेतील विपश्यना केंद्रेच आपल्या नियमांत सांगतात. आजार लपवून शिबिराला पाठवू नका. अर्जात खरे लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मे महिना. नवतपात आपल्याकडे सगळेच दुपारी सावलीला पडून असतात, पावले घटणारच. पण लिथियम घेणाऱ्या माणसाची हालचाल एकाएकी घटली तर ऊन म्हणून सोडून देऊ नका. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवून दिला. स्वस्त आणि गुणाचे औषध आहे, पण रक्तातले त्याचे प्रमाण थोडे वाढले तरी विषबाधा होते. खूप घाम, उलटी-जुलाब, पाणी कमी पिणे, मीठ अचानक बंद करणे आणि अंगदुखीच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या, या सगळ्यांनी ते वाढू शकते. हात जोरात थरथरू लागले, चाल डुलू लागली, बोलणे जड झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे कोणताही पट्टा सांगणार नाही. ठरलेल्या वेळी रक्ततपासणी आणि घरच्यांचे डोळे, दोन्ही लागतात.

पट्टा कोणाचा

आम्हाला सर्वात जास्त भीती वाटते ती या गोष्टीची. दुसऱ्या एका घरी सुनेच्या हाताला पट्टा बांधला आणि मोबाईल सासऱ्याकडे राहिला. ती रात्री कितीदा उठली, दुपारी किती पडली, याचा जाब रोज चहाबरोबर. तिने पंधराव्या दिवशी पट्टा विहिरीत टाकला. आम्ही म्हटले, बरे केलेस बाई.

ज्याचा आजार त्याचा पट्टा, त्याचाच मोबाईल. कोणाला काय दाखवायचे ते त्याने ठरवायचे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आजारी माणसाच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा त्याला हक्क आहे. त्याच कायद्याने आणखी दोन मोठे हक्क दिले आहेत, आपल्या लोकांना ते माहीतच नसतात. माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की पुढे आजार बळावला तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत. त्याला आगाऊ निर्देश म्हणतात. आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस तो स्वतः नेमू शकतो. तो बापच असला पाहिजे असे नाही, बहीण चालते, मित्रही चालतो.

ॲप टाकताना ते तुमचे ठिकाण, तुमचे संपर्क, फोटो मागते. नाही म्हणा. झोपेचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. उद्या लग्न जमवताना तेच फोटो फिरतात.

हजार-दीड हजाराचा पट्टा परवडत नसेल तर काही अडत नाही. शंभर पानी वही घ्या. रोज सकाळी एक ओळ: काल किती वाजता झोपलो, आज किती वाजता उठलो, गोळी घेतली की नाही, आणि मनाला एक अंक, शून्य म्हणजे नेहमीसारखे, वर चढले तर अधिक, खाली गेले तर उणे. अर्ध्या मिनिटाचे काम. दिवसातून एकदाच लिहायचे, पुन्हा पुन्हा नाही. लिहिता येत नसेल तर शाळेतली भाची लिहून देते. पट्ट्याला जे कळत नाही ते वहीत येते: आज सासरी भांडण झाले, आज गोळी संपली, आज मजुरी मिळाली नाही.

नोंद ठेवली, पुढे काय? तेही बऱ्या दिवसांत ठरवावे लागते, आणि डॉक्टरांना विचारून. वरच्या मुलाने, त्याच्या आईने आणि डॉक्टरांनी मिळून असे ठरवले: लागोपाठ दोन रात्री पाच तासांहून कमी झोप आणि तरी थकवा नाही, तर तिसऱ्या रात्रीची वाट न पाहता दवाखाना. पैशाचे मोठे व्यवहार तोवर बंद, एटीएम कार्ड बहिणीकडे. हे त्याने स्वतः सुचवले, म्हैस त्याच्या मनाला लागली आहे. दुसऱ्या बाजूने, चार दिवस अंगणाबाहेर पाऊल नाही तर आईने रागवायचे नाही, डॉक्टरांना फोन करायचा. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील. गोळी स्वतःच्या मनाने वाढवायची-घटवायची नाही, आकडा काहीही दाखवो.

जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर आकडे बाजूला ठेवा. त्या माणसाला एकटे सोडू नका, फवारणीची औषधे आणि दोर नजरेआड करा, लगेच रुग्णालयात न्या. १४४१६ हा टेली-मानसचा फोन क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, आणि भरती करण्याची वेळ आली तर नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जाताना मागच्या चौदा दिवसांची वही किंवा मोबाईलमधले झोपेचे पान सोबत न्या. डॉक्टरांकडे गर्दी असते, पाच मिनिटे मिळतात. "झोप बरी आहे जी" असे म्हणण्यात ती घालवू नका, पान समोर ठेवा.

त्या मुलाचे विचाराल तर मागच्या रोवणीत त्याने पट्टा काढून खुंटीला टांगला. चिखलात खराब होतो म्हणाला. वही मात्र आई आणि तो मिळून लिहितात. ऑगस्टमधल्या एका ओळीत "साडेचार तास" असे लिहिलेले आम्ही पाहिले आणि दचकलो. शेजारीच आईच्या सांगण्यावरून त्याने लिहिले होते: रात्री मोटर बंद पडली, पाणी पाहायला गेलो, दुपारी दोन तास झोपलो.